खळ लावलेलं काचेचं कापड

नाईक तलावाजवळच्या कोष्ट्यांच्या वस्तीत सखूबाईच्या डोळ्याला सगळे वचकून असत. लुगड्याच्या काठात एक दोर चुकला तरी तिला तो रस्त्यावरून जाताना दिसायचा. बाजारात कुणाच्या अंगावरचं पातळ पाहून ती सरळ म्हणायची, "इथं विननाऱ्याचं ध्यान नव्हतं वाटते." बाया आधी चिडायच्या, मग घरी जाऊन पातळ उलटंसुलटं करून पाहायच्या, आणि चूक तिथे असायचीच.

हा डोळा तयार झाला तो ईश्वरदासच्या मागावर. लग्न होऊन आली तेव्हापासून मागाच्या खड्ड्यात तो आणि पलीकडे रहाटावर ती. सुताच्या कांड्या भरायची ती, ताण्याच्या उभ्या दोरांना पेजेची खळ लावायची ती, तुटला दोर जोडायची ती. तो विणायचा. अधूनमधून तिची मान वर व्हायची आणि ती म्हणायची, "अजी, मागं पाहा जरा." ईश्वरदास काही न बोलता तेवढं विणलेलं उसवायचा. नवराबायकोचं बोलणं म्हणावं तर एवढंच. पण दिवसभर तो तिच्या हाताच्या अंतरावर असायचा, आणि सखूबाईच्या लेखी संसार म्हणजे तेच होतं.

मग मागाचे दिवस गेले. सूत मिळेना, मिळालं तर माल उठेना. कमली आणि धाकटी, दोन्ही पोरींची लग्नं उरकल्यावर ईश्वरदासनं खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि कोराडीला एका ठेकेदाराकडे कामाला लागला. तिथे मोठमोठ्या टाक्यांना आतून काचेच्या धाग्याचं कापड चिकटवायचं काम चाले. मधासारखं दाट रेझिन, त्यात मोजकं औषध मिसळायचं, कापडावर कुंच्यानं चोपायचं, की ते वाळून दगडासारखं होतं. कापड आणि कुंचा म्हटल्यावर कोष्ट्याच्या हाताला फार शिकवावं लागलं नाही. सहा महिन्यांत ठेकेदार दुसऱ्यांना सांगू लागला, ईश्वरदास कसा करतो ते बघा.

सखूबाई घरी राहिली. सकाळी डबा बांधून द्यायचा, देवीपुढे दिवा लावायचा, आणि मग दिवस कुठे ठेवावा ते तिला कळायचं नाही. रहाट कोपऱ्यात उभा होता. ती त्याच्यावरची धूळ पुसायची, इतकंच.

त्र्याऐंशी साली पोळ्याच्या सुमाराला ईश्वरदास घरी आला तो काहीतरी मनात घोळवतच. जेवताना म्हणाला, "एका बाईची बोट दुरुस्त करून द्याची आहे. फायबरची आहे."

"कोनाची?"

"यमुताई म्हनून आहे. ढिवराची बाई. मजुराइले मासोळ्या विकाले येते."

कोराडीच्या तलावावर यमुताईच्या नवऱ्याला कधीकाळी सरकारी योजनेतून ती बोट मिळाली होती. नवरा वारला, आणि बोट झोपडीमागे पालथी पडून राहिली. तिला बकऱ्या बांधल्या, उन्हानं तिला भेगा पडल्या, आतल्या लाकडाच्या पट्ट्या सडल्या. आता मच्छीमारांच्या सोसायटीनं ठरवलं होतं, दसऱ्यापर्यंत ज्याची बोट पाण्यात असेल त्यालाच पुढच्या सालात मासेमारीचा हिस्सा. यमुताईच्या नवऱ्याच्या जागेवर दुसऱ्याचा डोळा होता. टाकीला कापड चिकटवताना तिनं ईश्वरदासला पाहिलं आणि विचारलं, "दादा, टाकीतून पानी बाहेर येत नाही, तसं बोटीत आत येनार नाही, असं होईन का?" ठेकेदारानंही उरलंसुरलं सामान न्यायला हरकत घेतली नाही.

"करा मंग," सखूबाई म्हणाली. "विधवा बाईचं काम आहे. देवी पाहून राहिली."

हे ती मनापासून म्हणाली. पहिल्या दिवशी.

पुढे रोज संध्याकाळी ईश्वरदास उशिरा यायला लागला आणि रविवारीही जायला लागला. अंगाला रेझिनचा उग्र वास, केसात पांढरी भुकटी. आला की बोलायचा. वीस-बावीस वर्षांत मागावर तो जितका बोलला नव्हता तितका आता एका जेवणात बोले, आणि त्यात दर दोन घासाला यमुताई असायची. यमुताईनं तळ घासून पार जुनं निबर कापड लागेपर्यंत नेला. यमुताईनं सडक्या पट्ट्या कोरून काढल्या. यमुताई म्हणते, बोटीचं पोट आधी पाहा, तोंड नंतर.

"घासताना काचेची धूळ उडते, अंगभर खाज सुटते," तो सांगत होता. "पन बाई हू का चू करत नाही."

"मी कवा केलं हू का चू?"

ईश्वरदासनं भाकरीवरून डोळे उचलले. "तुहं कोन काढून राहिलं इथं?"

तेच तर, सखूबाईच्या मनात आलं. माझं कोण काढतंय.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "उद्या मी येऊ का कोराडीले? हात लावीन थोडा."

"तू कायले? बसची गर्दी, वरून पानी. तिथं बसाले जागा नाही."

"तिले बसाले आहे."

"ती तिथंच राहते ना वं."

सखूबाईनं त्याच्या ताटात वरण जरा जोरात वाढलं.

वस्तीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. नळावर शेजारच्या प्रयागबाईनं गाठलंच. "काय वं सखू, तुहा मालक कोष्ट्याचा ढिवर झाला म्हनते. सांजच्याले तुह्या घरून मासोळीचा वास येते."

"तुह्या घरून काय वास येते ते सांगू का चारचौघीत?"

"मी आपलं तुह्या भल्याचं सांगून राहिली. बाई एकटी आहे, दिसाले बरी आहे म्हनते."

सखूबाईनं घागर उचलली. डोक्यावर ती रोजच्यापेक्षा जड लागली. ईश्वरदासच्या वागण्यात पाप नाही हे तिला आपल्या हातासारखं ठाऊक होतं. तो त्यातला नव्हता. पण तिला जळवत होतं ते वेगळंच. त्या बाईनं कुंचा धरला होता. ईश्वरदासनं 'इकडून ताण' म्हटलं की कापडाचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं. ते टोक सखूबाईचं होतं. त्यानं परस्त्रीकडे पाहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं. कापडाच्या टोकासाठी नवऱ्याशी भांडायला गेली असती तर लोक हसले असते.

संध्याकाळी देवीपुढे हात जोडले की तिच्या तोंडी येई, आई जगदंबे, ती बोट... आणि ती थांबायची. बोट बुडू दे असं कसं म्हणायचं? देवीचं देऊळ त्याच तलावाच्या काठी. शेवटी ती म्हणायची, "माह्या मनात काय आहे ते तुले दिसून राहिलंच. मी बोलत नाही." आणि आरती न म्हणता कापूर विझवायची.

श्राद्धपक्ष लागला त्या आठवड्यात पावसानं झोडपलं. यमुताईच्या झोपडीत गळत होतं म्हणून ईश्वरदासनं बोटीच्या पोटासाठी ठेवलेलं कापड घरी आणलं आणि माग होता तिथल्या फळ्यांवर ठेवलं. जेवताना कुरकुरला, "कापड चांगलं आहे, पन कातर लावली की दोर सुटतात. काठ हातात राहत नाही. यमुताईनं जाळ्याले गाठी माराव्या तशा मारून पाहिल्या, पन त्यानं काय होते."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. तो कामावर गेल्यावर सखूबाईनं प्लास्टिक उलगडलं. पांढरं, चमकतं कापड. हात फिरवला तर कुसळासारखं टोचलं. सरळ उभं-आडवं विणलेलं होतं, आणि काठाला दोर मोकळे लोंबत होते. तिला त्या कापडाची कीव आली. एवढ्या चांगल्या विणीचं कापड आणि त्याला कुणी खळ लावली नव्हती. दोर सुटतील नाही तर काय. आणि तिथे ती बाई गाठी मारत बसते.

तिनं तांदळाची पेज शिजवली, वस्त्रगाळ केली, पातळ केली. अंगणात दोन बाजांवर कापड ताणलं. माळ्यावरून जुना कुंचा काढला, झटकला, धुतला, आणि एका लयीत, वरून खाली, खळ लावत गेली. किती दिवसांनी तिचे हात असे चालले. प्रयागबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "लुगडं काढलं का वं पुन्हा?"

"लुगडं नाही. बोट आहे ही," सखूबाई म्हणाली, आणि तिला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं.

उन्हात कापड खडखडीत वाळलं. कातर लावून पाहिली, काठ सुरीनं कापल्यासारखा सरळ. तिनं ते सुरेख घडी घालून होतं तसं प्लास्टिकमध्ये बांधलं. त्याला कळेल तेव्हा कळेल. तो येईल आणि विचारेल, हे तू केलं का?

रविवारी ईश्वरदास कापड घेऊन गेला तो संध्याकाळी खुशीत परतला. पाय धुता धुता सांगू लागला, "आज पोटाचं काम झालं. कापड एकदम सरळ कापलं गेलं. यमुताईचा हात बसला आता. एक दोर सुटू दिला नाही तिनं."

सखूबाईच्या हातात तांब्या होता. तोंडापर्यंत आलेलं वाक्य तिनं गिळलं. मी खळ लावली म्हणून, हे एवढंच म्हणायचं होतं. पण आता म्हटलं तर मागून हिसकावून घेतल्यासारखं झालं असतं. "मंग चांगलंच आहे," ती म्हणाली, आणि त्या रात्री कुशीवर वळून झोपली.

दोन दिवसांनी तो उशिरा आला. भाताचं ताट तसंच पुढे ठेवून बसला. विचारलं तेव्हा म्हणाला, "पोटाचं कापड सुटलं. पापडासारखं उचललं गेलं. रेझिन आत गेलंच नाही, पांढरंच राहिलं. यमुताईनं ताडपत्री नीट झाकली नसंल, ओल धरली त्यानं. बोललो मी तिले."

"काय बोलले?"

"बोललो. दसरा आला, बाई, तुलेच घाई होती, म्हटलं."

खरं सांगायचं तर सखूबाईला त्या घटकेला बरं वाटलं. यमुताईला बोलणी बसली होती. खळीचा विचार तिच्या मनात आलासुद्धा नाही. खळीनं कापड बिघडतं, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. उंच, ताठ, कपाळ मोकळं, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. वयानं सखूबाईएवढीच, पण प्रयागबाई म्हणाली ते खरं होतं, दिसायला चांगली होती. सखूबाईला ते आणखीच लागलं.

"मी यमुना. कोराडीची. दादा कामावर असतीन हे ठावं आहे. तुमच्याकडंच आली, वैनी."

पाणी दिलं, बसायला दिलं. यमुताईनं कागद सोडला. आत सुटलेल्या कापडाचा तुकडा होता. "दादा म्हनतात ओल धरली. मी ताडपत्री झाकली होती, देवीची आन. तुमी कोष्ट्याच्या. दादा सांगतात, कापडातली चूक तुमच्या डोळ्याले दिसते, माह्या नाही. तर म्हटलं तुमालेच दाखवावं. हे पाहा बरं काय आहे."

सखूबाईचा हात पुढे होता तो थांबला. "ते सांगतात असं?"

"रोजच सांगतात. मी कुठं वाकडं चोपलं की म्हनतात, इथं आमच्या घरची असती तर आतापर्यंत हाक मारली असती."

सखूबाईनं तुकडा घेतला. एक बाजू कडक, दुसरी भुरकट पांढरी. तिनं अंगठा तोंडात ओला केला आणि त्या बाजूवर चोळला. चिकट झालं. पुन्हा चोळलं, नाकाशी नेलं. तांदळाच्या पेजेचा आंबूस वास. तिला बघायची गरजच नव्हती, हाताला आधीच कळलं होतं. काचेच्या दोराला आणि रेझिनला एकमेकांत शिरायचं होतं, आणि मध्ये तिनं खळ घालून ठेवली होती.

यमुताई तिच्या तोंडाकडे पाहत होती. सखूबाईला वाटलं, म्हणावं ओलच आहे. ती उठून जाईल, बोलणी तिच्या नावावर राहतील, दसऱ्याला बोट पालथीच राहील, आणि घरचा माणूस घरी येईल. हे सगळं एका श्वासात वाटून गेलं. कोपऱ्यात देवीचा फोटो होता. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही, पण तो तिथे होता.

"ही खळ आहे," ती म्हणाली. "म्या लावली. काठ सुटून राहिले होते म्हनून."

यमुताईनं तुकडा परत घेऊन उलटापालटा केला. मग म्हणाली, "म्हनून ते इतकं चांगलं कापलं गेलं होय."

"हो. आन् नाव तुमचं झालं."

"आन् बोलनीबी माहीच झाली," यमुताई म्हणाली, आणि हसली नाही. "आता दादाले सांगाले तुमी येता का मी सांगू?"

सखूबाईनं पायात चपला घातल्या. कोराडीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, पण खिडक्या वेगवेगळ्या असाव्या तशा बाहेर पाहत गेल्या.

ईश्वरदास काम सुटून झोपडीमागे आला तर पालथ्या बोटीजवळ बायको उभी. तिनं काय केलं ते तिनं सांगितलं, उभ्या उभ्या, चार वाक्यांत. त्यानं ऐकलं, खाली बसला, कपाळ पुसलं.

"खळ," तो म्हणाला. "मले कशी नाही कळली? हात लावला होता मी त्याले. मले वाटलं घडीत राहून कडक झालं."

"मले आनलं असतं इथं तर कळलं असतं. काहून नाही आनलं मले? ही चालते, मी चालत नाही?"

यमुताई उठून चुलीकडे गेली. ईश्वरदास बराच वेळ बोटीच्या कडेवरून नख फिरवत राहिला.

"मागावर एक दिवस असा गेला नाही," तो म्हणाला, "की तू मागं पाहा म्हटलं नाही. खरंच चुकायचं, म्हनून मी उसवायचो. पन इथं मी नवीन शिकलो. ठेकेदार म्हनते ईश्वरदासले पाहा. कोनी मले मागं पाहा म्हनत नाही. मले ते बरं वाटून राहिलं होतं."

सखूबाईला हे अपेक्षित नव्हतं. त्या बाईचं रूप, तिचे हात, तिची मासोळी, सगळ्याचा तिनं रात्र रात्र विचार केला होता. आपल्याच तोंडचे दोन शब्द तिला कधी आठवले नव्हते.

"मंग आता?" तिनं विचारलं.

"आता काय. सगळं घासून काढा लागते. खळीचा कनभर राहिला तर पुन्हा सुटंल."

"मी घासते. माही खळ आहे, कुठं राहिली ते मलेच दिसंल."

त्यानं नाही म्हटलं नाही. पुढचे दिवस ती रोज कोराडीला गेली. तोंडाला फडकं बांधून दोघी बाया बोटीच्या दोन अंगांना बसत. काचेची धूळ मानेत, कोपरात, पापण्यांत शिरे. रात्री खोबरेल तेल लावूनही आग थांबत नसे. सखूबाईनं हू का चू केलं नाही. यमुताईनं केलं असतं तर तिला आवडलं असतं, पण तीही करत नव्हती. ईश्वरदासनं नवीन कापड आणलं आणि पहिल्याच पट्टीला एक टोक यमुताईनं धरलं, सवयीनं. सखूबाई नुसती बघत उभी राहिली. यमुताईच्या लक्षात आलं. तिनं टोक पुढे केलं. "धरा, वैनी." सखूबाईनं धरलं, आणि आभार मानले नाहीत.

अष्टमीला बोट पाण्यात घालायची ठरली. देवळाकडून नवरात्राचे ढोल ऐकू येत होते. काठावर सोसायटीची चारपाच माणसं येऊन उभी होती, काही बघायला, काही ती बुडते का ते बघायला. यमुताई सखूबाईजवळ आली.

"आमच्यात सवाष्णीनं हळदकुंकू लावल्याबिगर नाव पान्यात जात नाही. माह्या घरात कोनी सवाष्ण नाही. तुमी लावान का?"

हे विचारताना तिचा आवाज सपाट होता. सखूबाईनं ताट घेतलं. तिला कळत होतं की हे एक काम असं आहे जे ही बाई कितीही हुशार असली तरी करू शकत नाही, आणि आपण करू शकतो ते केवळ ईश्वरदास जिवंत उभा आहे म्हणून. या विचारानं आनंद व्हावा तितका झाला नाही. तरी तिनं कुंकू सावकाश लावलं, ईश्वरदास पाहत होता म्हणून. नारळ फुटला, ओटी भरली, बोट सरकत पाण्यात गेली.

बोटीत बसून पाहायला दोघं लागतात. सखूबाईला पोहता येत नव्हतं. वल्हं यमुताईकडे, आणि तळातून पाणी येतं का ते पाहायला ईश्वरदास. बोट काठापासून सुटली. इतकं घासून, इतकं सोसून, शेवटी बोटीत तीच दोघं. यमुताई सरावलेल्या हातानं वल्हं मारत होती. ईश्वरदास तिच्याच बाजूला वाकून बोटीचं पोट चाचपत होता.

"कोरडी आहे," तो ओरडला. काठावरची माणसं माना डोलवू लागली. एकजण म्हणाला, मस्त चालली.

ईश्वरदास मात्र बोटीच्या कडेवरून खाली पाहत राहिला, मग काठाकडे वळला. लोकांच्या डोक्यांवरून त्याची नजर बायकोला शोधत आली.

"कमलीची माय, नीट पाहून सांग वं," त्यानं हाक दिली. "बोट कुठंतरी चुकली वाटते. आतून समजून नाही राहिलं."

सगळे सखूबाईकडे वळून पाहू लागले. तिनं पदर सारखा केला, दोन पावलं पाण्याजवळ गेली, हाताची सावली डोळ्यांवर धरली. बोट डाव्या अंगाला बोटभर झुकली होती, मागच्या बाजूला जास्त.

"डावीकडं झुकून राहिली," ती म्हणाली. "तुमी दोघं एकाच अंगाले बसले. यमुताईले म्हना उजवीकडं सरका. तुमच्यापासून लांब."

काठावर कुणीतरी फिसकन हसलं. पाण्यावरून यमुताईचा आवाज आला, "बोटीसाठी म्हनता का, वैनी?"

"सरका तर आधी."

यमुताई सरकली. बोट बरीचशी सरळ झाली.

"आता?" ईश्वरदासनं विचारलं.

"आता बरी आहे. तरी मागं तुमची कापडाची एक पट्टी जड झाली. काठाले आना, पाहू आपन."